चुंबक सुटल्यावर

...सपाटी मोजणाऱ्या गेजची सुई पुन्हा थरथरली. ग्रॅनाइटच्या पाटावर ठेवलेल्या पातळ पोलादी प्लेटचा एक कोपरा त्याने बोटाने दाबला, तर समोरचा हळूच उचलला गेला – आणि आत्ताच, ग्राइंडिंग मशीनच्या चुंबकी टेबलावर, हीच प्लेट आरशासारखी सपाट होती...

"काका, प्लेट करताय की पाळणा?" मागून सुपरवायझर हसला. "आणि मुलीचं काय? ऑफिसातली जागा धरून ठेवलीय मी. जेवणाच्या सुट्टीत वर कळवायचंय."

"सांगतो. एवढी प्लेट होऊ दे."

का असं म्हणालो? ती तर हो म्हणाली होती – काल संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभी राहून. परगावचं शिक्षण अर्ध्यावर सोडायचं, इथेच नोकरी धरायची; आईचे गुडघे, स्वतःचं वय, सगळं त्याने एकामागून एक तिच्यापुढे मांडलं, आणि ती म्हणाली, "बरं, बाबा." कपाळावर आठी नाही, आवाजात कंप नाही.

मग चुकतंय कुठे? दाबाखाली घासणारं चाकही किंचित चेपतं आणि ठरल्याहून कमी घासतं, म्हणून शेवटी ते आणखी खाली न उतरवता ठिणग्या विझेपर्यंत त्याने नुसतं फिरवलं होतं. तापून प्लेट फुगते, म्हणून पाणी वाढवलं. रोग रेड्याला नि औषध पखालीला... प्लेट मुळातच पिळलेली असेल तर? चुंबकाने ओढून सपाट धरली, तशी धरलेलीच आपण घासली, आणि सोडताच ती आपल्या पिळावर गेली. अशा प्लेटखाली, फट राहते तिथे, आधी कागदाच्या पट्ट्या सारायच्या – हे का त्याला ठाऊक नव्हतं? एका सुट्टीत मुलीनेच इथे बसून पट्ट्या कापून दिल्या होत्या. "टेकू दिला की तिला दुखत नाही ना, बाबा?" तेव्हा तो हसला होता.

त्याने प्लेट टेबलावर ठेवली, वाकून फट पाहिली, एक पट्टी सारली, काढली, पुन्हा सारली. चुंबकाच्या बटणावर हात गेला नि तिथेच राहिला.

"काय कळवू मग?" सुपरवायझर डबा घेऊन उभा होता.

"मुळात कशी आहे, तेच पाहिलं नाही मी."

"अहो, प्लेटचं नाही विचारत!"

"हं," तो म्हणाला. दारातली ती ताठ मान... काल तिच्याकडे पाहून त्याला केवढं हायसं वाटलं होतं. आता मात्र तीच मान डोळ्यांपुढून हलेना, आणि बटणावरचं बोट त्याला दाबवेना, उचलवेना.