एक केसांसाठी, एक खोट्यासाठी

घानातल्या कुमासीच्या बाजारात बिरागोच्या हातची थोबाडीत खाल्लेली माणसं पुष्कळ होती. पेट्या आपटणारे हमाल, नासका माल तळाशी दडवणारे ट्रकवाले, एक पोलीससुद्धा. पण गेल्या वर्षभरात तिनं ज्यांना बडवलं ते सगळे एकाच धंद्यातले होते. बायकांच्या विरळ डोक्यावर केस उगवून देतो म्हणणारे.

बिरागो टोमॅटोची घाऊक व्यापारीण. पेटी घेताना ती वरचा थर बघायचीच नाही, हात थेट तळाशी घालायची. केसांच्या औषधालाही तिनं तोच कायदा लावला. औषध दर सहा आठवड्यांनी येणाऱ्या आदेच्या एका सणापासून पुढच्या आदेपर्यंत लावायचं, पुरते बेचाळीस दिवस. लावायचं ते फक्त डाव्या कानशिलावर. उजवं कोरडं ठेवायचं. मग आरशापुढे उभं राहून कानापासून पहिल्या केसापर्यंत बोटं मोजायची. डावीकडे उजवीपेक्षा फरक दिसला नाही, की विकणाऱ्याला गाठायचं आणि दोन द्यायच्या. एक केसांसाठी, एक खोटं बोलल्यासाठी. दोनाच्या वर तिनं कधी मारली नाही, आणि दोनाच्या खालीही कुणाला सोडलं नाही.

मोजणी चार बोटांवर सुरू झाली होती. दोन्ही कानशिलं उघडी पडून चकाकायला लागली होती. हे जगात दोघींनाच ठाऊक होतं. एक ती स्वतः, आणि दुसरी फ्रेमा, पंचवीस वर्षं तिच्या वेण्या घालणारी बालमैत्रीण. पोटच्या पोरीलाही बिरागोनं डोकं दाखवलं नव्हतं. घरातसुद्धा तिच्या डोक्यावरचा रुमाल निघायचा नाही.

पोरगी म्हणजे पोकुआ, एकोणीस वर्षांची. शाळा संपेपर्यंत इथल्या सगळ्या मुलींसारखं तिचंही डोकं अर्ध्या बोटावर कातरलेलं असायचं. आता आठ महिने झाले, तिनं केस वाढवले होते. तेल लावून, बोटांनी ओढून ती रोज लांबी बघायची. आजीचं वर्षश्राद्ध जवळ येत होतं. त्या दिवशी मांडवाखाली, सगळ्या नातेवाइकांसमोर, मायलेकींनी एकसारख्या वेण्या घालून शेजारी बसायचं असं ठरलं होतं. बिरागोला केस हवे होते ते त्याच दिवसासाठी. लेकीच्या शेजारी उघड्या डोक्यानं बसायचं, बस्स, एवढंच.

पहिला सापडला तो बसस्टँडवर भोंगा घेऊन कांद्याच्या रसाचं तेल विकणारा. बेचाळीस दिवसांनी बिरागो त्याच्यापुढे उभी राहिली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, धीर धरा. केस आतल्या आत वाढतायत."

"आतल्या आत? मग तुझे दातही वाढू देत आतल्या आत," म्हणून तिनं पहिली अशी दिली, की त्याचा ओठ फुटून भोंग्यात रक्त गेलं. दुसरी खाताना बिचाऱ्यानं डोळे मिटून घेतले होते.

मग आली सार्पोमाच्या दुकानातली लाल बाटली. तिनं तर डाव्या कानशिलावर फोडच आणले. "जळजळतंय म्हणजे काम करतंय," असं सार्पोमा सांगत होती, आणि हे बिरागोला पटलंही होतं. दुखल्याशिवाय काही चांगलं होत नाही अशी तिची लहानपणापासूनची समजूत होती. बेचाळिसाव्या दिवशी फोडांच्या जागी नुसतं कातडं राहिलं, तेव्हा दोघी दुकानाच्या पायरीवरून लोळत लोळत गटारापर्यंत गेल्या. सार्पोमाही काही ऐकणारी नव्हती. तिनं बिरागोचं नख मुळापासून उपटलं. बिरागोनं तिला गटारात बसवलं, गुडघ्यानं दाबून धरलं आणि दोन मोजून दिल्या. तिसऱ्यासाठी हात उठला होता तो तिनं स्वतःच आवरला.

पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या एका धर्मगुरूचं मंतरलेलं तेलही झालं. त्याला तिनं भर प्रार्थनेत मारलं. पन्नास बायका तिच्यावर तुटून पडल्या, तिचं लुगडं फाटलं, बरगडीत कुणाचा तरी कोपर बसला. तरी दुसरी थोबाडीत दिल्याशिवाय ती बाहेर आली नाही. खरं सांगायचं तर त्या माणसाची मला अजूनही दया येत नाही.

आणि या सगळ्या काळात दर सणानंतर, मोजणी झाली की बिरागो फ्रेमाकडे जायची. उघडी कानशिलं झाकायची तर टाळूवरचे केस पुढे ओढून, त्यात गंगावन गुंफून, घट्ट वेण्या घालाव्या लागत. फ्रेमाचा हात गावात प्रसिद्ध होता. तिची वेणी सहा आठवडे हलायची नाही. घरी जाताना बायका डोकेदुखीच्या दोन गोळ्या घेऊनच निघायच्या.

शेवटी बिरागो गेली सरकारी दवाखान्यात. कातडीच्या विभागातल्या नर्सबाईंनी भिंगातून डोकं बघितलं, एक बाटली दिली आणि सांगितलं, "रोज दोनदा लावा. आणि दोन सण होईपर्यंत वेण्या नाहीत, गंगावन नाही. डोक्याला कुणाचा हात लागता कामा नये."

"आणि उगवले नाहीत तर? मारायचं कुणाला, तुम्हाला?"

"चकाकणारी जागा गेली, तिथे काही उगवणार नाही," नर्सबाई शांतपणे म्हणाल्या. "तिच्या कडेला अजून जीव आहे. तेवढंच माझ्या हातात आहे."

खोटं न बोलणारी ही पहिलीच. बिरागोनं तिचं ऐकलं. दोन सण ती नुसत्या रुमालावर वावरली. औषध मात्र आपल्या कायद्यानं फक्त डावीकडे लावलं.

चौऱ्याऐंशीवा दिवस श्राद्धाच्या आदल्या शनिवारी आला. पोकुआ सकाळीच न्याहारी करून फ्रेमाच्या पार्लरला गेली होती, आयुष्यातल्या पहिल्या वेण्या घालून घ्यायला. आठवडाभर आधी घातल्या म्हणजे श्राद्धाच्या दिवसापर्यंत डोक्याचा ठणका उतरतो. "मावशीला सांग, घट्ट घाल म्हणावं," बिरागोनं दारातून ओरडून सांगितलं होतं. मग तिनं कडी लावली, रुमाल सोडला आणि आरशापुढे बोटं मोजायला घेतली.

डावीकडे कडेला मऊ, काळी लव आली होती. चारऐवजी तीन बोटं! तिनं आनंदानं आरशाच्या चौकटीवर हात आपटला. मग सवयीनं उजवीकडे बोटं लावली. उजवीकडे औषधाचा थेंब लागला नव्हता. तिथेही लव होती. विरळ, आखूड, पण होती. साडेतीन बोटं.

बिरागोनं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. टोमॅटोच्या पेटीत तळापर्यंत हात गेल्यावर जे हाताला लागतं तेच तिला आता लागलं. औषधानं अर्धं बोट दिलं होतं. उजवीकडचं अर्धं बोट कुणी दिलं? नुसतं कुणी ओढलं नाही म्हणून आलं ते. म्हणजे इतकी वर्षं कुणीतरी ओढून ओढून उपटत होतं. आणि तिच्या डोक्याला एकाच बाईचा हात लागत होता.

रुमाल पुन्हा बांधून ती निघाली. तिचा चेहरा बघून केळीवाल्या बायकांनी पाट्या मागे ओढल्या.

फ्रेमाचं पार्लर म्हणजे निळा रंग दिलेला लोखंडी कंटेनर. दाराशी शेगडीवर किटली उकळत होती. वेणीची टोकं सुटू नयेत म्हणून ती त्या उकळत्या पाण्यात बुडवतात. पोकुआ बुटक्या स्टुलावर फ्रेमाच्या गुडघ्यांत मान देऊन बसली होती. अर्ध्या डोक्यावर वेण्या झाल्या होत्या.

"आलीस? बघ तुझी राणी," फ्रेमा हसत म्हणाली.

बिरागोनं तिच्या कानशिलात लगावली. फ्रेमा खुर्चीसकट पत्र्यावर आपटली. कंगवे, क्लिपा, गंगावनाचे गुच्छ, सगळं खाली आलं.

"एक केसांसाठी!" बिरागो ओरडली. "पंचवीस वर्षं मैत्रीण म्हणवलंस आणि माझं डोकं सोलून काढलंस तू!"

फ्रेमा उठली ती किटली घेऊनच. तिचा ओठ फाटला होता. उकळतं पाणी किटलीच्या तोंडातून तिच्याच पायावर सांडलं, तरी तिनं किटली सोडली नाही. "ये पुढे! ये ना! दुसरी मारायच्या आधी तुझं तोंड शिजवून काढते!"

"खोटारडी! तुला ठाऊक होतं!"

"होतं ठाऊक! दहा वर्षांपूर्वी तुला म्हटलं नव्हतं, थोड्या सैल घालते म्हणून? काय म्हणालीस गं? माझं मनगट धरून म्हणालीस, डोळे ताणले गेले नाहीत तर ती वेणी कसली! जमत नसेल तर दुसरीकडे जाते म्हणालीस. घट्ट कोणी मागितल्या? सांग, आज सकाळी पोरीजवळ काय निरोप दिलास?"

बाहेर गर्दी जमली होती. बिरागोचा हात वरच राहिला. मग तिची नजर खाली पोकुआकडे गेली.

पोरीचे डोळे ताणून बारीक झाले होते. कपाळाच्या कडेला, जिथे वेण्या सुरू होतात, तिथे पांढऱ्या पुटकुळ्यांची रांग उठली होती. बिरागोला त्या ओळखू आल्या. एकोणीस वर्षांची असताना तिच्याही कपाळावर अशाच आल्या होत्या, आणि त्या बघून ती खूश झाली होती.

तिनं फळीवरची कात्री उचलली. "मान खाली घाल."

"काय करतेस? आई!"

"काढते सगळ्या. एकही ठेवणार नाही."

"हात लावू नकोस!" पोकुआ किंचाळली. "आठ महिने, आई! शाळेत सहा वर्षं टकली म्हणून फिरले मी! तू घालतेस त्या चालतात, आणि मला नाही?"

बिरागोनं तिची मान दाबून धरली. पोरगी वळली आणि आईच्या अंगठ्याखाली कचकन चावली. दात आत रुतले. कात्री पडली. पोकुआनं ती लाथेनं रस्त्यावर उडवली आणि दोन्ही हातांनी आईच्या छातीवर ढकलून दिलं. बिरागो दाराच्या चौकटीवर आदळली. ज्या बाईला आख्ख्या बाजारानं कधी मागे सरकवलं नव्हतं, तिला लेकीनं ढकललं होतं. कुणी हसलं नाही.

"तुला मी तुझ्यासारखी दिसायला नको आहे, म्हणूनच ना?" पोकुआ रडत म्हणाली.

"हो," बिरागो म्हणाली. "माझ्यासारखी दिसायला नको आहेस."

आणि तिनं रुमालाची गाठ सोडली.

भर रस्त्यात, केळीवाल्या, हमाल, शाळकरी पोरं, सगळ्यांसमोर तिचं डोकं उघडं पडलं. उन्हात दोन्ही कानशिलं चमकली. डावीकडे लाल बाटलीचे डाग होते. गर्दीत कुणीतरी देवाचं नाव घेतलं. लाजेनं बिरागोचे कान पेटले होते, मरून जावंसं वाटत होतं, तरी तिनं रुमाल वर उचलला नाही.

"बघ नीट. जवळ ये. हात लाव. असंच सुरू झालं होतं माझं, तुझ्यासारखंच, इथूनच."

पोकुआ आईच्या डोक्याकडे बघत राहिली. मग तिची बोटं हळूच स्वतःच्या कपाळाकडे गेली आणि पुटकुळ्यांवरून फिरली. ती जाऊन स्टुलावर बसली.

फ्रेमानं किटली शेगडीवर परत ठेवली. भाजलेला पाय धरून ती टेकली आणि ओठाचं रक्त पुसत म्हणाली, "तुझी दुसरी राहिली गं. दोनाच्या खाली कुणाला सोडत नाहीस ना तू? मार. खोटं नाही बोलले मी, पण गप्प बसले."

बिरागोनं हात उचलला आणि पूर्ण ताकदीनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. आवाज रस्त्याच्या पलीकडच्या दुकानापर्यंत गेला. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. चावलेल्या हाताचं रक्त गालाला लागलं.

मग ती लेकीच्या मागे गुडघ्यांवर बसली. फ्रेमा लंगडत दुसऱ्या बाजूला आली. दोघींनी एकेक वेणी हातात घेतली आणि शेंड्याकडून उलगडायला सुरुवात केली. बिरागोची बोटं जाड, पेट्या उचलून राठ झालेली. पहिला पेड सुटताना पोकुआचे खांदे आक्रसले.

बिरागो थांबली. हा प्रश्न तिनं आयुष्यात कधी कुणाला विचारला नव्हता. तो कसा विचारतात हेही तिला नीट ठाऊक नव्हतं.

"दुखतंय का गं?" तिनं विचारलं.