घंगाळ कपाटातच राहिले

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे, आणि आज माझा आनंद माझ्यात मावत नाही! सांगितल्याशिवाय मला राहवणारच नाही.

एका कारागिराने पत्रा कापून, ठोकून मला घडवले आणि मी थेट चर्चमध्ये आले. वाटले, आता वेदीजवळ मिरवायचे. कसचे काय! वाट्याला आले लादी पुसायचे फडके. वीस वर्षे साफसफाईच्या मावशींनी मला उचलले, घासले. मला पोचा पडला तेव्हा 'तुझं-माझं वय झालं गं' म्हणाल्या. बाकी कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

आमच्याकडे वर्षातून एकदा पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बारा जणांचे पाय धुतात. प्रभू येशूने गुरू असूनही शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. त्यासाठी चकचकीत घंगाळ असते. गंमत म्हणजे ही बारा मंडळी घरूनच साबणाने पाय घासून येतात! मग धुवायला उरते काय? मी आपली कोपऱ्यात हसत बसते.

यंदा ऐन वेळी घंगाळ सापडेना. पाळकसाहेब नवे, तरुण आणि भारी उतावळे. गाणारी सगळी मंडळी उभी असताना त्यांनी मावशींना विचारले, "तुम्ही नेलंत का कुठे?"

मावशींनी फडके माझ्या काठावर टाकले, चर्चच्या चाव्या टेबलावर ठेवल्या आणि त्या मागच्या दाराने निघाल्या. मावशी गेल्या तर मला कोण विचारणार?

इतक्यात पाळकसाहेबांनी झगा घ्यायला कपाट उघडले. झग्याखाली घंगाळ! परवा त्यांनीच जपून ठेवले होते. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. आणि मग त्यांनी कोणाला उचलले असेल? मला! हो, मलाच! घाण पाणी ओतले, मला विसळले, नळाखाली भरले आणि ते धावत सुटले. मागोमाग सगळी मंडळी.

मावशी फाटकाशी पोचल्या होत्या. पाळकसाहेब त्यांच्यासमोर मातीतच गुडघे टेकून बसले.

"चूक माझी होती, मावशी. सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोरच माफी मागतो."

मावशींनी पाय मागे घेतले. "घाण आहेत माझे पाय."

"म्हणून तर पाणी आणलंय."

मग मावशींनी हळूच चप्पल काढली. माझे पाणी पार गढूळ झाले, आणि मित्रांनो, वीस वर्षांत इतक्या अभिमानाने मी कधी गढूळ झाले नव्हते! चाव्या पुन्हा मावशींच्या कमरेला आल्या. आता दर शनिवारी पाळकसाहेब स्वतः लादी पुसतात. फडके मात्र अजून धड पिळता येत नाही.

तुम्हीही मोठे व्हा, चार माणसांचे पुढारी व्हा, पण अधूनमधून माझी कडी हातात धरा. आणि काम झाले की मला रिकामी करून पालथी ठेवा, नाहीतर मला गंज चढतो. कालच पाळकसाहेब विसरून निघाले होते. मावशींनी कमरेवर हात ठेवून हाक मारली, "साहेब, बादली!"

आणि साहेब पळत परत आले.