तासाभराची गाडी

नानासाहेबांनी डिझेलचा टेम्पो विकून विजेची पिकअप घेतली ती काही हौसेनं नव्हे. तळेगावच्या कारखान्यानं फर्मानच काढलं होतं, यापुढं माल यायचा तो बिनधुराच्या गाडीतून. कुरुळीतल्या सिद्धेशच्या वर्कशॉपमधून सुटे भाग उचलायचे आणि तिकडं पोचवायचे, यावर तर नानांचं घर चालत होतं. आज संध्याकाळी, उद्याच्या पहिल्या शिफ्टसाठी, परीक्षेची पहिली खेप. वेळेत पोचली तर काम कायमचं, नाहीतर राम राम!

गाडी सकाळीच दारात आली, जवळपास रिकाम्या बॅटरीनं. घरच्या प्लगवर भरायला अख्खा दिवस लागेल, असं शोरूमवाल्यानं बजावून सांगितलं होतं. महामार्गावरच्या मोठ्या चार्जरवर तासाभरात भागतं, असंही तो बोलला होता. नानांच्या डोक्यात राहिला तो तेवढा तास. सोयीचं तेवढंच ऐकण्यात नाना पहिल्यापासून पटाईत.

सुनेनं, साधनानं, प्लग लावला. "नाना, संध्याकाळपर्यंत हिला हात लावायचा नाही हं."

"व्हय व्हय. मी काय ल्हान पोर हाय का?"

पण नेमका गुरुवार पडला. गुरुवारी कारखान्यांच्या सगळ्या पट्ट्याला सुट्टी, म्हणजे भावकी घरी. आणि नवी गाडी आली की भावकीनं बघायला यायचं, पेढा खायचा, गाडीत बसून देवळापर्यंत जाऊन यायचं, हा गावचा रिवाज. कुणाला न फिरवता पाठवलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. सोपानराव आले, नानांनी प्लग काढला. केसरबाई लेकीसुनांचा लवाजमा घेऊन आल्या, पुन्हा काढला. "आवाज येतोय का? न्हाई ना!" असं नाना विचारत आणि उत्तरही स्वतःच देत. चार्जिंगचा विषय कुणी काढला की छाती फुगवून सांगत, "तासाचं काम!"

साधना मोबाइलवर बॅटरीचा आकडा बघून कपाळाला हात लावायची. "अहो नाना, चढतंय तेवढं उतरतंय!"

"मग पाव्हन्याला काय सांगू, गाडी जेवतीया म्हनून?" नाना डाफरले.

दुपारी चिमाजी आला. नानांचा चुलतभाऊ. हाही त्याच कारखान्याचा माल वाहायचा, पण डिझेलच्या पिकअपमधून, म्हणून नव्या फर्मानानं घरी बसलेला. बांधावरून दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. तो आपणहून दारात उभा राहिल्यावर नानांना आभाळ ठेंगणं झालं.

"नाना, लई देखनी गाडी हाय. आमच्या आईला दावतोस का? तिला चालवत न्हाई आता."

साधना मधे पडली, नानांच्या बायकोनं, सोजराबाईंनी, डोळे वटारले. नानांनी प्लग उपटलाच. भांडलेला भाऊ कौतुक करतोय आणि त्याला 'थांब, चार्जिंग व्हायचंय' म्हणायचं? जीव गेला तरी नाही!

लांबच्या मळ्यात चिमाजीच्या आईनं, तानुबाईंनी, गाडीला ओवाळलं आणि पुतण्याला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. वाढता वाढता म्हातारीचे डोळे भरून आले, नानांचेही.

"चार्जिंग उरलंय का बरं?" चिमाजीनं विचारलं.

"तू नको काळजी करू. तासात फुल!"

घरी परतले तेव्हा आकडा पार तळाला गेला होता. महामार्गावरच्या चार्जरपर्यंत जायलासुद्धा तेवढं पुरणार नव्हतं. नानांनी गुपचूप प्लग लावला आणि सिद्धेशला फोन केला, "तासात येतो." तासानं पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी सिद्धेशनंच फोन केला. "नाना, अजून थांबलो तर उद्या त्यांची पहिली शिफ्ट बोंबलेल. चिमाजीअण्णांच्या गाडीतून माल मघाशीच पाठवून दिला मी."

नानांनी तडक कारखान्याच्या साहेबांना फोनवर गाठलं. "साहेब, त्याची तर डिझेलची हाय! तुमचा नियम कुठं गेला?"

"नियम आहेच, नानासाहेब," साहेब म्हणाले. "पण तो चालणाऱ्या गाड्यांना. तुमची उभी आहे. माल पोचला, यापुढं तेच आणतील."

नाना ओट्यावर मटकन बसले. चिमाजीला शिव्या घालाव्यात, तर प्लग काही त्यानं काढला नव्हता. लाजेनं त्यांना कुणाकडं बघवेना.

दिवेलागणीला वरच्या आळीची चार माणसं गाडी बघायला आली. प्लग लावलेला पाहून बिचारी दारातच घुटमळली.

"या की," सोजराबाई म्हणाल्या. "फिरून या निवांत. आता हिला कुठं जायाचं न्हाई."