जोडलेला पंप

"भावोजी, चित्रं कुठे गेली?"

वहिनींचा आवाज नेहमीसारखाच शांत होता, म्हणून तर मी जास्त घाबरलो. संगणकाच्या पडद्यावर दादाच्या पुस्तकाची पानं होती. मजकूर जागच्या जागी, पण चित्रांऐवजी नुसत्या फुल्या मारलेल्या चौकटी. माझा भाऊ पंप मेकॅनिक. जन्मभर पंप खोलले आणि शिकाऊ पोरांसाठी एकेक भाग पेन्सिलीने काढून ठेवला. तो गेल्यावर वहिनींनी त्या चित्रांचं पुस्तक करायला घेतलं. छापखान्यात पानं लावण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही. आज दुपारी ते छपाईला जायचं होतं, आणि सकाळी मी घोळ घालून ठेवला होता.

त्यांच्या लिनक्सच्या संगणकावरचा पानं लावायचा जुना प्रोग्राम काढून मी नवा, फ्लॅटपॅकवाला बसवला होता. वहिनी नको म्हणत होत्या. पण आमची हौस दांडगी.

"चित्रं आहेत हो," मी फोल्डर उघडून दाखवला. "प्रोग्रामला दिसत नाहीयेत, इतकंच. फ्लॅटपॅकमध्ये प्रत्येक प्रोग्राम आपल्या खोलीत कोंडलेला असतो. तुम्ही पुस्तकाची फाईल उघडलीत, तेवढीच त्याच्या हातात पडली. तिच्या शेजारची चित्रं त्याला कशी दिसणार?"

"मग दाखवा त्याला."

"अख्खी डिस्कच त्याला खुली करतो. पुन्हा कटकट नको."

"काही नको. पाहुणा आला म्हणून कपाटाच्या किल्ल्या देता का हातात? पुस्तकाचा फोल्डर तेवढा दाखवा."

"मला वाटलं, तुम्ही आज माझी हजेरी घेणार."

"काम होऊ दे, मग घेते."

परवानग्यांमध्ये मी तेवढा एकच फोल्डर घातला आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. बेअरिंग आलं, वॉशर आले, पंख्याचं चाक आलं. दादाची ती दाबून ओढलेली पेन्सिल! मी खुर्चीतच उड्या मारायचा बाकी होतो.

शेवटच्या पानावर मात्र फुली तशीच. खाली लिहिलेलं, 'जोडलेला पंप'.

"थांबा, याची परवानगी राहिली असेल," म्हणत मी पुन्हा खटपट सुरू केली.

वहिनींनी माऊस माझ्या हातून काढून घेतला. "राहू द्या. ते चित्र नाहीच आहे. सुटे भाग झाले की शेवटी काढणार होते."

मला एकदम भरून आलं. दादाची इतकी आठवण तो गेला त्या दिवसांतही आली नव्हती. मी विचारलं, "मग पान काढून टाकायचं का?"

"का म्हणून? भाग सगळे दिलेत त्यांनी. ज्याला पंप जोडता येईल तो काढेल चित्र."

रिकामी चौकट छापल्यावर दिसत नाही. म्हणून वहिनींनी तिला बारीक काळी कड दिली, चष्मा वर सारून ती एकदा नीट पाहिली, आणि पुस्तक छपाईला पाठवलं.