एका अंशाने

सकाळी नऊला नगरसेविका एल्स्पेथ रँकिन चर्चच्या सभागृहात प्रभागातल्या कामांचा अहवाल वाचत होती.

"पारा शून्यावर उतरला की बेघरांचा निवारा उघडतो. काल रात्री एक अंश होता, म्हणून बंद ठेवला. आणि बागेतली दाट झुडपं आजपासून यंत्राने काढतोय. तुम्हीच मागे लागला होतात."

टाळ्या पडल्या. त्या झुडपांवर या लोकांचा भारी राग. चहा देणारी ग्रिझेल मात्र किटली धरून तशीच उभी राहिली.

"निवाऱ्याला कुलूप असलं की म्हातारा डूगल कुठं झोपतो, ठाऊक आहे का बाई?"

"कुठे?"

"त्याच झुडपांत. कानांनी ठार बहिरा. दहाशिवाय उठत नाही."

दोन्ही ठराव एल्स्पेथनेच मांडले होते. खिडकीबाहेर यंत्राची घरघर चालूच होती. ती कोट न घालताच धावत सुटली.

बागेच्या फाटकाशी पोचते न पोचते तोच घरघर थांबली. यंत्र चालवणारा खाली उतरला होता, आणि हेल्मेट काढून झुडपाकडे बघत नुसता उभा होता.