न मोजलेल्या दोन जुड्या

मेट्रन बाईंनी पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही ‘माझं चुकलं’ म्हटलं नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमान होता. अभिमान कसला, चांगली गुर्मीच होती. मोठ्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरात त्यांचं राज्य. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. एका कात्रीचा घोळ झाला म्हणून एका नवख्या सिस्टरला त्यांनी सगळ्यांसमोर असं फैलावर घेतलं, की ती बिचारी दुसऱ्या दिवशी कामावरच आली नाही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. इथे लाड चालत नाहीत, एवढंच म्हणाल्या.

रिटायर झाल्या, वर्षभरात नवरा गेला, आणि मग बाई घरातल्या डब्यांच्या आणि टॉवेलांच्या घड्यांच्या मागे लागल्या. सून गुणाची, पण तीही माणूसच की. चर्चच्या पाळकसाहेबांनी जेव्हा विचारलं, की दूरच्या वस्त्यांवर वैद्यकीय मिशन घेऊन जायचंय, कोणी नर्स आहे का, तेव्हा सासूबाईंचं नाव आधी सुनेनंच दिलं. बाई निघाल्या त्या ‘तिकडच्या लोकांना शिस्त लावायला’. तेव्हा वय त्रेसष्ट.

पहिल्या फेरीत शिस्त राहिली बाजूला, बाईच तापानं आडव्या झाल्या, आणि ज्यांना शिकवायला गेल्या होत्या त्या बायकांनी त्यांचं अंग पुसलं. दुसऱ्या फेरीत जरा मवाळ झाल्या. स्वतःचं ताट स्वतः धुतलं, रांगेत उभ्या राहिल्या. पूर्वी प्रार्थना चालू असताना डोळे किलकिले करून घड्याळ बघायच्या, ते सुटलं. आता खरंच डोळे मिटायच्या, आणि मिटले की त्यांना बरंही वाटायचं. आई बदलल्यात, असं सून शेजारणीला सांगू लागली. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, तसा तो ‘मी चुकत नाही’चा पीळ मात्र जिथल्या तिथे होता.

ही तिसरी फेरी. दोन खोल्यांचा दवाखाना, आतल्या खोलीत एकच टेबल, वर एक दिवा, भिंतीवर खडूनं लिहायचा फळा. त्या दिवशी सकाळी पहिली पेशंट होती एका सुताराची बायको. पोटात नारळाएवढी गाठ, आणि अंगात रक्त मुळातच कमी. सर्जन हा बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, शांत माणूस. भूलतज्ज्ञ मात्र चिंतातुर. तिला द्यायला रक्ताची एकच पिशवी होती आणि हे त्याचं सकाळपासून चारदा सांगून झालं होतं.

आता मोजणीचं सांगायला हवं. पोट उघडलं की रक्त टिपायला मॉप लागतात. मॉप म्हणजे पंजाएवढे जाड कापडी चौकोन. किती दिले ते आधी मोजायचं, पोट शिवायच्या आधी तितकेच परत आले का बघायचं. दोघींनी मोजायचं, मोठ्यानं, जुडी सोडून एकेक वेगळा करून. हॉस्पिटलात हा नियम बाईंनीच लोकांच्या हाडीमाशी मुरवला होता. इथले मॉप चर्चच्या महिला मंडळानं घरी शिवलेले, पाच-पाचाच्या जुड्या दोऱ्यानं बांधून, वाफेवर निर्जंतुक केलेले.

बाईंनी पहिली जुडी सोडून मोजली, पाच. दुसरी, पाच. तेवढ्यात पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. प्रत्येक ऑपरेशनच्या आधी सगळ्यांनी टेबलाभोवती उभं राहून प्रार्थना करायची हा मिशनचा रिवाजच. बाईंनी हात छातीशी धरले, डोळे मिटले. पाळकसाहेबांची प्रार्थना म्हणजे काही आटोपशीर प्रकरण नव्हे. पेशंटपासून सुरुवात करून ते सगळ्या वस्तीला आशीर्वाद देऊन आले. ‘आमेन’ झालं, पाळकसाहेब बाहेर गेले, आणि सर्जननं लगेच हात पुढे केला. बाईंनी उरलेल्या दोन जुड्यांचे दोरे ओढले आणि म्हणाल्या, “वीस.”

दवाखान्यातली सिस्टर फळ्यावर लिहायला उभी होती. अंगानं एवढीशी, आवाजही तसाच, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. ती हळूच म्हणाली, बाई, या दोन मोजू या का? बाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं पस्तीस वर्षांचं मुरलेलं होतं. चिमणीनं मुकाट्यानं वीस लिहिलं.

ऑपरेशन लांबलं. गाठ चिकटलेली, रक्त बरंच गेलं, पिशवी संपली. शेवटी गाठ निघाली. मॉप मोजले, वीस भरले. सर्जननं विचारलं, बाई, बरोबर? बाई म्हणाल्या, बरोबर. तो शिवायला लागला, भूलतज्ज्ञानं सुस्कारा सोडला. चिमणी हातमोजे चढवून सर्जनला टाके द्यायला उभी राहिली आणि बाई पुढच्या पेशंटची तयारी करायला बाजूच्या टेबलाशी गेल्या.

त्यांनी नवीन जुडी सोडली. एक, दोन, तीन, चार, पाच. हातात आणखी एक उरला.

बाईंनी सगळे खाली ठेवले. पुन्हा मोजले, सहाच. मंडळातल्या बायका, गप्पा मारता मारता बांधलेल्या जुड्या, एखादीत सहा गेले असतील, त्यात त्यांचा काय दोष? मोजायचं काम बाईंचं होतं. आणि दोन जुड्या त्यांनी मोजल्याच नव्हत्या. त्यातल्या एकीत सहा असतील, तर आत गेले एकवीस, बाहेर आले वीस, आणि एक त्या बाईच्या पोटात. पोटात राहिलेला मॉप काय करतो ते त्यांना पाठ होतं. तो सडतो. महिन्याभरानं, दोन महिन्यांनी माणूस तापानं फणफणतं, आणि इथे तिला बघायला कोण येणार होतं? मिशन तर चार दिवसांत परत जायचं होतं.

पण नसेलही. मोजलेल्या दोन जुड्यांत पाचच होते ना. आणि तेवढ्यासाठी पोट पुन्हा उघडायचं? रक्त नाही, नाडी पळतेय. उघडलं आणि काही निघालं नाही, तर बाईंच्या शंकेपायी ती तिथेच टेबलावर जायची. बाईंचं मन काय काय सांगू लागलं! झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला कळणार आहे? फळ्यावर वीस आहे, हातात वीस आहेत. तिकडे सर्जनचा तिसरा टाका पडला. चौथा पडला.

बाईंना आपलीच लाज वाटली. त्या बाईच्या जिवाची काळजी थोडी होती, बाकी सगळी काळजी स्वतःच्या नावाची होती, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं, आणि असं कळून घेणं काही सोपं नसतं हो.

“डॉक्टर, थांबा. मोजणी बरोबर नाही.”

सर्जनचा हात थांबला. तो म्हणाला, बाई, वीस दिले, वीस आले, तुम्हीच सांगितलंत.

“सांगितलं मी. पण मोजले नव्हते. शेवटच्या दोन जुड्या मी न मोजता दिल्या. चिमणी विचारत होती, तिला मी गप्प केलं. माझं चुकलं.”

मग भूलतज्ज्ञ भडकला. शंभर टक्के खात्री आहे का, असं त्यानं विचारलं, आणि बाईंना सांगावं लागलं की नाही, खात्री नाही. तो म्हणाला, दहा मिनिटं देतो, त्यापुढे एक मिनिटही नाही. सर्जननं टाके कापले.

त्यानं यकृताखाली हात घातला, काही नाही. ओटीपोटात, काही नाही. नाडी आणखी पळाली. चार मिनिटं गेली, पाच गेली. बाई आतडी बाजूला धरून उभ्या होत्या, आणि मनात प्रार्थना करायला गेल्या तर शब्दच सापडेनात. डोळे मात्र त्यांनी मिटले नाहीत. आठव्या मिनिटाला सर्जननं डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आत हात घातला, थांबला, आणि रक्तानं काळा पडलेला एक बोळा बाहेर काढला.

“एकवीस,” चिमणी म्हणाली.

मग दोघींनी सगळे पुन्हा मोजले, मोठ्यानं, तीन वेळा. सर्जननं पोट शिवलं. पेशंट तगली.

बाई बाहेर आल्या तेव्हा व्हरांड्यात सुतार उभा होता, बायकोच्या चपला हातात धरून. पाळकसाहेब आधीच त्याच्यापाशी पोचले होते. आत काय झालं ते त्यांना अर्धंमुर्धं कळलं होतं, आणि तेवढ्यावर ते रंगात आले होते. ते सुताराला सांगत होते, की पोटात कापड राहिलं होतं, पण देवानं या बाईंना वेळेवर बुद्धी दिली, या बाईंनी तुझी बायको वाचवली. सुताराचे डोळे भरून आले. त्यानं चपला काखेत धरल्या आणि बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला.

आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. कोणी खोटं बोलत नव्हतं, बुद्धी तर झाली होतीच. आत जे बोलल्या ते निदान जाणत्या लोकांसमोर होतं. हा माणूस तर आभार मानत होता, आणि त्याचा हात सोडवून घेणं बाईंच्या अगदी जिवावर आलं.

“वाचवली नाही हो मी,” त्या म्हणाल्या. “ते कापड माझ्यामुळेच आत राहिलं होतं. मोजायचं काम माझं होतं, आणि मी मोजलं नाही.”

पाळकसाहेबांनी घसा खाकरला. सुतारानं हळूच हात काढून घेतला. काखेतल्या चपला त्यानं पुन्हा हातात घेतल्या. तो ओरडेल, अंगावर येईल, असं बाईंना वाटलं. तसं झालं असतं तर बरंच झालं असतं.

आता आत काही नाही ना, त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, नाही, दोघींनी तीनदा मोजलंय.

“मग तिच्याजवळ बसा,” तो म्हणाला. “जागी झाली की तिलाही सांगा. पोट तिचं आहे.”

बाई आत गेल्या, स्टूल ओढून खाटेशी बसल्या. दुसरं ऑपरेशन चिमणीनं सांभाळलं. भिंतीपलीकडून तिचं मोजणं ऐकू येत होतं, एक, दोन, तीन, आवाज एवढासाच, पण खणखणीत. दुपार कलली तेव्हा सुताराच्या बायकोनं डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते. बाईंनी ओल्या कापसानं ते टिपले. तिनं विचारलं, “झालं का? नीट झालं ना सगळं?”

हा प्रश्न बाईंना हजारो पेशंटांनी विचारला होता, आणि हजारो वेळा त्यांनी एकच उत्तर दिलं होतं, की झालं, झोपा आता. तेच उत्तर त्यांच्या ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं आणि स्टूल आणखी पुढे ओढलं.

“तुमच्या जिवाला आता धोका नाही,” त्या म्हणाल्या. “पण नीट झालं नाही. का ते मी सांगते, आणि मग मला काय बोलायचं ते तुम्ही बोला.”