याकोबचा बदली

सोलापूरच्या गिरणीत तेव्हा एक मोठी सोय होती. अंगात कणकण आली, घरी पाहुणा आला, नाहीतर नुसता कंटाळा आला, तरी आपल्या मागावर दुसरा माणूस उभा करता यायचा. त्याला बदली म्हणायचे. माग चालतोय ना, मग मुकादमाची काही तक्रार नसे. याकोब भालशंकर अठरा वर्षं त्या गिरणीत माग चालवत होता, आणि ही सोय त्याला इतकी पसंत पडली होती की त्यानं ती थेट देवाच्या घरी नेऊन लावली. दर रविवारी ख्रिस्ती देवळात त्याच्या वतीनं त्याची बायको केराबाई जायची.

तो देव मानत नव्हता अशातला भाग नाही. जेवायच्या आधी केराबाई प्रार्थना करायची आणि हा डोळे मिटून बसायचा. शेवटी "आमेन" मात्र असा ठणकावून म्हणायचा की दारातलं कुत्रं दचकून उठायचं. बाकी उपास, दान, गाणी, आजाऱ्याला भेटणं हे सगळं केराबाईच्या अंगावर. कुणी विचारलंच, तर याकोब म्हणायचा, "आमच्या घरातनं येक मानूस जातंय की! समदं घर उठून आलं तर बसायला जागा तरी पुरंल का?"

पण खरी गोम वेगळीच होती, आणि ती याकोबशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. निदान त्याचा तसा समज होता.

त्या देवळाच्या मंडळीत एक रीत होती. वर्षातनं चार वेळा प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावानं भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी, व्हायचं, आणि त्याच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी पाळक वेणीमाधवराव एकेकाचं नाव पुकारायचे. ज्याचं नाव त्यानं उभं राहून "हजर" म्हणायचं. मग पाळक चष्म्यावरनं बघत विचारायचे, "मन साफ आहे? कुणाचं काही मनात ठेवलेलं नाही ना?" काय ते सगळ्यांदेखत सांगायचं. याकोब तीन वर्षं तिकडे फिरकला नव्हता. केराबाई उठायची, आधी आपलं सांगायची आणि मग खाली मान घालून म्हणायची, "त्येंचंबी साफ हाय."

साफ कुठलं आलंय! चार वर्षांपूर्वी धाकट्या लेकराच्या बाप्तिस्म्याला घरात वीस माणसं जेवली, आणि संध्याकाळी याकोबच्या बापाचा पितळी तांब्या दिसेना. तेव्हा याकोबची थोरली बहीण शिवबाई वळसंगला परत निघाली होती. आई गेल्यावर हिनंच याकोबला कडेवर घेऊन वाढवलं होतं. पण याकोबचं डोकं भडकलं की त्याला आई कळायची नाही की बाप कळायचा नाही. वीस माणसांत तो म्हणाला, "आक्का, गाठुडं सोडून दाव." शिवबाईनं गाठोडं सोडलं. आत दोन लुगडी आणि वाटेत खायला पदरभर शेंगा, बस्स. तिनं ते तसंच उघडं काखेत मारलं आणि गेली. त्यानंतर तिनं सोलापूरचं तोंड पाहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीच्या विहिरीत पडलेल्या बादल्या काढायला याकोबनं गळ टाकला, आणि गळाला तो तांब्या लागून वर आला. मग त्याला आठवलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी पहाटे आंघोळीला त्यानंच तो नेला होता आणि काठावर ठेवला होता. याकोबनं इकडे तिकडे बघितलं, तांब्या धोतरात गुंडाळला आणि घरी आणून तुळईमागच्या कोनाड्यात सारला. त्या दिवसापासून त्याचे गुडघे शनिवारी दुखायला लागले.

हे असंच चाललं असतं. पण त्या साली थोरल्या लेकीचं, मालतीचं, लग्न नाताळात करायचं ठरलं, आणि पहिली हळद आत्यानं लावायची, ती आत्या वळसंगात रुसून बसलेली. त्यात पाळकांनी एका रविवारी उपदेश केला की देवापुढे ज्याचा जाब त्यानंच द्यायचा, नवऱ्याचा बायकोला देता येत नाही. केराबाई घरी आली, तवा चुलीवर ठेवला आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "अवं, ऐकलं का? येत्या शनवारी मी माझं तेवढं सांगनार. तुमचं तुमी बगा."

"आन माझं कोन सांगनार?"

"तुमाला काय तोंड न्हाय? तुमच्या वतीनं व्हय म्हनून म्हनून माझी जीभ कडू झाली."

याकोबला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. पण केराबाईचा ताठा काही उतरेना. शुक्रवार उजाडला तसा त्यानं गिरणीत शेजारच्या मागावरच्या मल्लप्पाला गाठलं. मल्लप्पा अक्कलकोटकडचा लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि गाणं म्हटलं की अर्ध्या रात्री चालत जाणारा गडी.

"मल्लप्पा, उद्या आमच्या देवळात माझा बदली म्हनून जातूस का? नाव पुकारलं की उभं ऱ्हायचं आन हजर म्हनायचं. मन साफ हाय का इचारलं की व्हय म्हनायचं. बास."

"तितं पेटी वाजिवत्यात म्हनं?"

"लई झ्याक वाजिवत्यात."

"मग जातो की," मल्लप्पा म्हणाला.

शनिवारी गिरणी सुटल्यावर याकोब घरी जाऊन आडवा झाला. आता हजेरी लागणार, केराबाईचं तोंड बंद, पाळकांचंही बंद. आपल्या अकलेचं त्याला फार कौतुक वाटलं. तासाभरात दार धाडकन उघडलं आणि मल्लप्पा आत आला. धोतराचा सोगा एका हातात, पागोटं दुसऱ्या हातात.

"अय्यय्यो! याकोबा, मला काय ठावं न्हाय. तुझं तू घे बाबा परत!"

"काय घिऊ?"

"तुझं पाप!" मल्लप्पा मटकन बसला. "तुझं नाव पुकारलं. मी उटलो आन हजर म्हनालो. समदी मानसं खो खो हासाया लागली. तुझे पाळक काय हासलं न्हाईत. म्हनलं, तुमी कोन? मी म्हनलं, बदली. तर मला इचारत्यात, बदली मागावर असताना कापड खराब निगालं तर कुनाच्या नावावर लागतं? मी म्हनलं, बदलीच्या, आनि कुनाच्या? तर म्हनत्यात, मग याकोबच्या मनात जे काय असंल ते आता तुमच्या नावावर लावू का?"

"मग तू काय म्हनलास?"

"मी काय म्हनतोय! पळत आलो. तुझं नाव उघडं ठिवलंय त्येनी. त्येंचं ते प्रभुभोजन आठ दिस पुढं ढकललंय. पुढल्या शनवारी समद्यांची नावं परत पुकारनार, तवा त्याला सोताला धाडा म्हनलं." मल्लप्पानं घाम पुसला आणि आवाज खाली आणला. "पर खरं सांग. केलंस तरी काय? खून?"

"छ्या! खून कसला?"

"मग बाई?"

"ए, येडा का खुळा तू! तांब्या हाय, तांब्या!" आणि मग याकोबनं कोनाडा दाखवला, विहीर सांगितली, गाठोडं सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून हे बाहेर पडलं.

मल्लप्पा आधी पोट धरून हसला. "तांब्या! आन मी वाटंनं नीलकंठाचं नाव घेत आलो!" मग हसता हसता थांबला. "गाठुडं कुनाचं सोडलं म्हनलास?"

"आक्काचं."

"कडेवर घिऊन वाढिवलं ती आक्का?"

याकोबनं मान हलवली. मल्लप्पा उठला, पागोटं डोक्यावर ठेवलं आणि म्हणाला, "उद्या सकाळी मोटार हाय अक्कलकोटची, वळसंगावरनंच जाती. मी येतो संगट. बदली म्हनून न्हवं हां. तू वाटंतनं पळून येशील म्हनून."

दुसरा दिवस रविवार. देवळात न जाण्याचं याकोबकडे तीन वर्षांत पहिल्यांदाच खरं कारण होतं, पण केराबाईला ते सांगायचा धीर त्याला झाला नाही. ती लेकरांना घेऊन देवळात गेल्यावर त्यानं कोनाड्यातून तांब्या काढला, न बघता फडक्यात गुंडाळला आणि निघाला. मोटारीत त्यानं मल्लप्पाला तीनदा विचारलं, "तूच दिलास आन दोन शब्द बोललास तर?" मल्लप्पा खिडकीबाहेर बघत तिन्ही वेळा "न्हाय" म्हणाला.

शिवबाई अंगणात तूर पाखडत बसली होती. भाऊ दिसला तशी तिची सुपावरची बोटं थांबली. पण दारात आलेल्याला पाणी द्यायची रीत तिच्यानं मोडवेना, म्हणून उठून आत गेली. याकोबनं तेवढ्यात काय करावं? तांब्या फडक्यातून काढला, तिच्या रांजणाशेजारी ठेवला आणि माघारी वळला! फाटकात मल्लप्पा पाय पसरून बसला होता. तो हलेना.

शिवबाई पाणी घेऊन बाहेर आली. तिची नजर रांजणाकडे गेली. याकोबची जीभ भलतंच बोलून बसली, "आक्का, त्यो तांब्या… हितंच हुता वाटतं."

मल्लप्पानं कपाळावर हात मारून घेतला.

शिवबाईचा चेहरा असा झाला की याकोबला चार वर्षांपूर्वीचं अंगण डोळ्यांपुढे आलं. तीच मान ताठ, तेच मिटलेले ओठ. तो सरळ खाली बसला, तुरीच्या पसाऱ्यात.

"न्हाय आक्का, न्हाय. खोटं बोललो. हिरीवर मीच नेला हुता त्यो. काठावर मीच ठिवला. मीच इसारलो, आन तुजं गाठुडं सोडाया लावलं, वीस मानसांत. गावला त्याला तीन वरसं झाली. तीन वरसं कोनाड्यात दडवून ठिवला म्या, तुला सांगाया लाज वाटली म्हनून. मला मार आक्का, पर बोल." आणि चाळिशीतला तो दांडगा माणूस लेकरासारखा रडायला लागला. मल्लप्पानं पागोट्याच्या शेमल्यानं आपले डोळे टिपले.

शिवबाईनं तांब्या उचलला. उन्हात धरून इकडून तिकडून फिरवून पाहिला.

"तीन वरसं कोनाड्यात हुता म्हनतूस?"

"व्हय."

"मग येवढा लख्ख कसा? पितळ हाय की हे. काळं पडाया नगं?"

याकोबनं मान वर करून पहिल्यांदाच तांब्याकडे नीट बघितलं. तांब्या आरशासारखा चकाकत होता. त्यात त्याचंच रडवेलं तोंड दिसत होतं.

"केरा घासती त्यो," शिवबाई म्हणाली. "म्हैन्याला जळमटं काढती, तवा खाली घेती, चिंच लावून घासती आन हुता तितं ठिवती. पयल्याच म्हैन्यात तिला गावला. माहेराला जाते म्हनून निगाली आन हितं येऊन रडली. म्हनली, वन्स, मी त्येंच्या वतीनं पाया पडते."

"मग? मग तू आली का न्हाईस?"

"मी म्हनलं, नगं. तू नगंस. गाठुडं ज्यानं सोडाया लावलं, त्यानंच बांधाया यावं." एवढं बोलून शिवबाई झटक्यात आत गेली. बाहेर आली ती दोन लुगडी आणि सूपभर शेंगा घेऊन, आणि ते सगळं तिनं याकोबच्या पुढ्यात टाकलं.

याकोबनं जमिनीवर धोतराचं फडकं पसरलं. लुगडी ठेवली, शेंगा ओतल्या, वर तांब्या ठेवला. गाठ दोनदा सुटली. मल्लप्पा मदतीला पुढे आला, तशी शिवबाई डाफरली, "तुमी बसा तितं!" तिसऱ्यांदा गाठ बसली. गाठोडं याकोबनं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि बहिणीला पुढं घालून मोटारीच्या रस्त्याला लागला.

पुढच्या शनिवारी देवळात दाटी झाली. गेल्या खेपेची गंमत कुणालाच चुकवायची नव्हती. मल्लप्पा पेटी ऐकायला म्हणून दारापाशी शिवबाईच्या मागं बसला होता. आधी केराबाईचं नाव आलं. ती उठली.

"माझं आज साफ हाय. पर तीन वरसांत बारा खेपा मी यांच्या वतीनं व्हय म्हनले, ते खोटं हुतं. ठावं असून म्हनले. ते माझं."

खाली बसताना तिनं नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. याकोबला तेव्हा कळलं. आपल्याला सोपं व्हावं म्हणून हिनं बारा वेळा जीभ विटाळली, आणि आपण घरी गुडघे चोळत पडलो होतो.

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "याकोब भालशंकर."

गेल्या शनिवारच्या सवयीनं मल्लप्पा अर्धा उठला. शिवबाईनं त्याचं धोतर धरून त्याला खाली ओढलं. याकोब उभा राहिला. त्या दिवशी शनिवार होता, पण गुडघे दुखत नव्हते.

"हजर," तो म्हणाला. आवाज इतका बारीक आला की मागच्यांना ऐकू गेला नाही. तेव्हा त्यानं घसा खाकरला आणि परत म्हणाला, "हजर हाय जी. मी सोता."